चर्चकडचं फाटक

सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून उपास धरायला ऋजुताची ना नव्हती. नवरा तसा बरा होता. पण सात जन्म हाच नवरा म्हणजे सात जन्म हेच शेत, हीच मेंढरं, ह्याच लोकरीच्या गोण्या आणि दर जूनला हेच सायलेज, हे तिच्या सकाळी पोरक्या कोकरांचं दूध कालवताना लक्षात आलं आणि तिचा हात बादलीतच थबकला. एका जन्मात उरकलं तर देवाचे उपकार, असं पुटपुटून ती पुन्हा ढवळायला लागली.

वटपौर्णिमेचं टुमणं अर्थातच आईनं लावलं होतं. मधुमतीबाई पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतः वडाला जाणं सोडलं होतं, आणि जे आपल्याला करता येत नाही ते लेकीकडून करून घ्यायची हौस दुपटीनं वाढली होती. त्यातून मार्चमध्ये मार्टिनची, म्हणजे ऋजुताच्या नवऱ्याची, शेतातली चारचाकी क्वाडबाईक ओल्या उतारावर उलटली. बरगड्यांवर निभावलं. बातमी ऐकून आईनं व्हिसासाठी धाव घेतली, आणि मेअखेर तो मिळताच ती इंग्लंडला आली ती दोन गोष्टी मनाशी ठरवून: लेकीच्या हाताखाली राबायचं आणि जावयासाठी यंदा वटपौर्णिमा करवून घ्यायची.

"आई, हेरफर्डशरमध्ये वड नाहीयेत ग," ऋजुता म्हणाली.

"वड नाही तर नाही. कुठल्या तरी जुन्या मोठ्या झाडाची फांदी आणू. पुण्यात तरी आता कोण जातंय वडाला? फांदीच पुजतात. भाव महत्त्वाचा."

"मला खरंच टाइम नाहीये. शिअरिंग चालू आहे, सायलेजवाले येतायत, त्या सगळ्यांचं जेवण..."

"तू फक्त पाटावर येऊन बस. बाकीचं मी बघते."

बाकीचं मी बघते. त्या महिन्यात एवढे शब्द ऐकायला मिळाले असते तर ऋजुतानं मंगळागौरही कबूल केली असती. ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत भेटलेल्या एका लाजऱ्या मुलाच्या मागोमाग ती वेल्सच्या हद्दीवरच्या ह्या शेतावर आली त्याला दहाएक वर्षं झाली होती. इथला उन्हाळा सुंदर असतो म्हणून पुण्यातल्या मैत्रिणींना हेवा वाटायचा. असतोच सुंदर. पण उजाडतं पहाटे चारला आणि मावळतं रात्री दहाला, आणि जोवर उजेड आहे तोवर शेतकऱ्याला खुर्चीत बसायची लाज वाटते. मेंढ्यांचं शिअरिंग करायचं, म्हणजे लोकर उतरवायची, कोकरांना किडे पडत नाहीत ना बघायचं, आणि गवत कापून, दाबून, काळ्या प्लास्टिकखाली हिवाळ्यासाठी मुरवत घालायचं. तेच सायलेज. त्याचंही लोणच्यासारखंच असतं: ऊन हवं, घाई हवी आणि पाण्याचा थेंब नको. त्यात ते फुटबॉल वर्ल्ड कपचं वर्ष. सायलेजवाल्यांच्या ट्रॅक्टरांवर इंग्लंडचे झेंडे फडफडत होते आणि मॅचच्या आत काम संपवायचं म्हणून ते जेवायलाही धावतपळत येत. मार्टिनच्या बरगड्या अजून दुखत होत्या, त्यामुळे उचलायचं ते सगळं ऋजुताच्या वाट्याला आलं होतं. संध्याकाळी पायातले गमबूट काढताना तिला वाटायचं, हे काढून उद्या पुन्हा घालायचेच असतील तर काढायचे तरी कशाला.

आई घरात आली आणि स्वयंपाकाचा भार उतरला, हे खरं. पण आईबरोबर आईचे नेमही आले. पहिल्याच आठवड्यात ती तव्यावरची पहिली पोळी घेऊन अंगणाच्या फाटकाशी गेली. तिथं क्वीनी उभीच होती. लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची म्हातारी हेरफर्ड गाय. मार्टिनची आई जोन हिनं तिला स्वयंपाकघरातल्या चुलीशेजारी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. जोन जाऊन बरीच वर्षं झाली, पण खिडकी उघडल्याचा आवाज आला की क्वीनी अजून फाटकाशी यायची. इतर गायी तिला गायीच वाटत नसाव्यात. यंदाही तिला वासरू झालं होतं, आणि जोनचा नवरा रॉन रोज सकाळी चहाचा मग घेऊन तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहायचा. जोनच्या हातची तेवढी एकच उरलीय, असं तो म्हणायचा.

ऋजुता धावत गेली आणि तिनं आईच्या हातातली पोळी काढून घेतली.

"आई, इथं हे चालत नाही. किचनमधलं काहीही जनावरांना द्यायचं नसतं. कायदा आहे तसा."

"गोग्रासाला बंदी?" आई थक्क झाली. "आणि म्हणे सुधारलेला देश."

पाच वर्षांपूर्वी लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा देशभर जनावरांच्या चिता पेटल्या होत्या. पलीकडच्या खोऱ्यातला धूर ऋजुतानं ह्याच अंगणातून पाहिला होता. तेव्हापासून ह्या बाबतीत मार्टिन कुणाचंच ऐकून घ्यायचा नाही, अगदी सासूचंसुद्धा नाही. हे सगळं आईला नीट बसवून समजावायला हवं होतं. पण समोर मेंढ्या कोंडलेल्या, शिअरिंगवाला मशीन लावून थांबलेला.

"मग ह्या मुक्या जिवाला द्यायचं तरी काय?" आईनं विचारलं.

"काही देऊ नको ग. अगदीच वाटलं तर गवत दे, पाला दे. हिरवं काहीही चालतं," असं म्हणून ऋजुता निघूनही गेली.

आई आयुष्यभर शिस्तीत वागलेली बाई. तिनं पुन्हा कधी पोळी नेली नाही. गवताची मूठ तेवढी न्यायची.

पौर्णिमेच्या दिवशी ऋजुता सकाळपासून लोकरीच्या गोण्या भरत होती. लोकरीच्या चरबीनं हात कोपरापर्यंत माखलेले, पोटात नुसता काळा चहा. आईनं तीनदा हाक मारल्यावर ती हात धुऊन स्वयंपाकघरात आली. आईनं तिच्यासाठी जरीची साडी काढून ठेवली होती. ऋजुतानं ती जीन्सवरूनच गुंडाळली. पाटावर कलश, शेजारी ब्रिस्टलच्या मैत्रिणीनं, रश्मीनं पाठवलेले आंबे, आणि मागं पितळी तांब्यात एक चांगली घसघशीत, गर्द हिरवी फांदी. पाच वर्षांची तनू कुंकवाची वाटी धरून बसली होती.

"फांदीला सात वेळा सूत गुंडाळ. आणि डोळे मिटून जावईबापूंचं आयुष्य माग," आई म्हणाली.

ऋजुतानं सूत गुंडाळलं आणि डोळे मिटले. भक्तीनं नव्हे, पाठ टेकायला भिंत मिळाली म्हणून मिटले. मार्टिनला आयुष्य दे, एवढं तिनं मनापासून मागितलं. मग बहुधा तिचा डोळाच लागला, कारण नंतर आईनं खांदा हलवला तेव्हा बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबले होते आणि कुणीतरी चहा आहे का म्हणून दारातून विचारत होतं.

"ह्याचं काय करायचं नंतर?" साडी सोडता सोडता तिनं फांदीकडे हात केला.

"निर्माल्य ते. असं कचऱ्यात नाही टाकायचं. जा तू, बाकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता शेतावर चहा आणि केक घेऊन निघाली तेव्हा कुंपणाच्या सावलीत क्वीनी आडवी दिसली. उन्हात गायी अशा पडतात. पण वासरू तिच्या पोटाशी ढुशा देत होतं आणि ती हलत नव्हती. ऋजुता जवळ गेली. क्वीनीच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली होती.

व्हेट आली. अंगावर जखम नाही, पोट फुगलेलं नाही. तिनं हातमोजा घालून क्वीनीचं तोंड उघडलं आणि जिभेखालून बोटभर पाला काढला. सुईसारखी अरुंद पण चपटी, काळपट हिरवी पानं.

"यू," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम चर्चकडे पाहिलं. शेताच्या वरच्या टोकाला गावाचं जुनं चर्च, आणि त्याच्या आवारात हजारएक वर्षांचं यूचं झाड. इंग्लंडात जुन्या चर्चपाशी हे झाड असतंच. बारा महिने हिरवं, दहा माणसांच्या कवेत न मावणारं, आणि विषारी. चार घास पोटात गेले की गायीचं हृदय बंद पडतं, ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तर आवाराला दगडी भिंत होती आणि शेतातून तिकडे जायला एक छोटं लोखंडी फाटक. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मार्टिननं ऋजुताला आख्खं शेत फिरवून दाखवलं होतं आणि सक्त ताकीद एकाच गोष्टीची दिली होती: हे फाटक कधीही उघडं टाकायचं नाही. ऋजुतानं एवढी धास्ती घेतली की तनूच्या बाबागाडीसह ती नेहमी रस्त्यानं वळसा घालून चर्चला जायची.

त्या फाटकातून रोज जाणारा माणूस एकच होता. जोनची कबर त्या झाडापलीकडे होती, आणि दुपारच्या जेवणानंतर रॉन टोपी घालून तिला भेटायला जायचा.

"मी काल गेलो होतो," रॉन म्हणाला. "फाटक लावलंच असणार. नेहमी लावतो." त्यानं मार्टिनकडे पाहिलं. "लावलं असेल ना?"

 मार्टिन वर जाऊन बघून आला. फाटक लागलेलं होतं, पण त्याला अर्थ नव्हता. चर्चला येणारं कुणीही ते ओढून घेतं. आणि गेल्या महिन्यात रॉन ट्रॅक्टर चालू ठेवून जेवायला येऊन बसला होता. पाण्याचा नळ दोनदा रात्रभर वाहिला होता. बाप आणि लेक ह्यावर कधी बोलले नव्हते, पण दोघांनाही ते माहीत होतं.

मेलेली जनावरं नेणारा ट्रक येऊन गेला, आणि संध्याकाळी मार्टिननं चर्चकडच्या फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली त्यानं स्वतःच्या खिशात टाकली.

"डॅड, रस्त्यानं जात जा. वाटलं तर मी गाडीनं सोडत जाईन. आणि एकट्यानं जनावरांत नको जाऊ काही दिवस."

"ठीक आहे," रॉन म्हणाला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर ह्या माणसानं हवामानखात्यापासून बिशपपर्यंत सगळ्यांशी भांडण काढलं होतं. 'ठीक आहे' हे त्याच्या तोंडून ऋजुतानं पहिल्यांदाच ऐकलं.

सुगावा तनूनं दिला. त्याच रात्री आंघोळ घालताना ती सहज म्हणाली, "मम्मा, क्वीनीला देवाचा झाड खूप आवडला होता."

"कुठलं झाड?"

"आजीचा. तू दोरा बांधलास ना, तो. क्वीनीनी सगळा खाल्ला. आजी म्हणाली, पाला चालतो, मम्मानी सांगितलंय."

ऋजुतानं तनूला टॉवेलात गुंडाळून पलंगावर बसवलं आणि ती अंगणात गेली. सफरचंदाच्या बुंध्याशी आईनं उरलेलं निर्माल्य नीट रचून ठेवलं होतं. सुकलेली फुलं, आंब्याची साल, सोडवून ठेवलेलं सूत, आणि पानं ओरबाडलेला एक हातभर दांडका. त्याच्या सालीवर हळदकुंकवाची बोटं अजून ताजी दिसत होती. यूची ती तांबूस साल डोळे बांधूनही ऋजुतानं ओळखली असती. पण काल ती त्याच्यासमोर पाटावर बसली होती, स्वतःच्या हातानं त्याला सूत गुंडाळलं होतं, आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं.

आईचं काय चुकलं? देवळाशेजारी गावानं हजार वर्षं जपलेलं, कधी न वाळणारं झाड दिसलं; तिला ते वडाच्या जागी वाटलं. पोळी नको म्हटलं, तिनं नाही दिली. पाला चालतो म्हटलं, तिनं पाला दिला. ऋजुतानं तो दांडका उचलला, घरात आणला आणि चुलीत घातला.

आता खरं सांगायचं म्हणजे ते आईच्याही कानावर जाणार होतं, आणि तिथंच ऋजुताचं पाऊल अडलं. तिच्या लहानपणी आई एक गोष्ट सांगायची. आईच्या आजोळी शेजाऱ्याच्या गोठ्यात गाय दाव्याला अडकून मेली. तो माणूस गळ्यात तेच दावं बांधून, तोंडानं एक शब्द न बोलता, नुसता हंबरत गावोगाव भीक मागत फिरला. तेच त्या पापाचं प्रायश्चित्त. तो आजोबांच्या दारात येऊन हंबरला तेव्हा आई सहा-सात वर्षांची होती आणि भीतीनं कणगीमागे लपली होती. ही गोष्ट सांगताना आईचा आवाज म्हातारपणीही बदलायचा. अशा बाईला सांगायचं, की तू आपल्या हातानं, पूजा करून, गाय मारलीस? ती पुण्याला परत गेली असती, पण उरलेलं आयुष्य गळ्यात दावं बांधूनच जगली असती.

आणि दुसऱ्या बाजूला रॉन. दुपारी तो टोपी घालून निघायचा, सवयीनं वरच्या शेताकडे वळायचा, मग आठवण होऊन मागं फिरायचा आणि रस्त्यानं जायचा. चढ, वळणं, आणि वेड्यासारखे धावणारे ट्रॅक्टर. परत यायला त्याला चहाची वेळ व्हायची. घरात तो आता केटल बंद करायचा, खोलीबाहेर जायचा, आणि परत येऊन केटलकडे बघायचा.

"डॉक्टरला दाखवायला हवं," मार्टिन एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला. "मला वाटत होतं अजून वेळ आहे."

सायलेज संपलं की सांगू, असं ऋजुतानं ठरवलं. सायलेज संपलं. लोकर गेली की सांगू, असं ठरवलं. दमलेल्या माणसाला पुढं ढकलायला कारण लागत नाही, उद्याचा दिवस पुरतो.

आई बिचारी पोरक्या वासरात रमली होती. क्वीनी वयानं गेली, एवढंच ऋजुतानं तिला सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ बाटली घेऊन गोठ्यात जायची. "आईविना लेकरू," म्हणायची आणि त्याच्या मानेखाली खाजवत बसायची. एक दिवस तिनंच विचारलं, "व्याहीबुवांचं काय ग बिनसलंय? ताटात टाकून उठतात. गाय गेली म्हणून असेल नाही? म्हातारी होती बिचारी. पण घरच्या माणसासारखी."

"हो," ऋजुता म्हणाली. ती उठून बाहेरच गेली.

शेडमध्ये रॉन शेवटच्या लोकरी गुंडाळत होता. आख्खी लोकर टेबलावर पसरायची, कडा आत दुमडायच्या, शेपटाकडून गुंडाळत आणायची आणि मानेच्या लोकरीचा पीळ करून बांधायची. हे काम त्याचे हात विसरले नव्हते. ऋजुता समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. फांदी, पूजा, हिरवं काहीही चालतं, दांडका. घरात सांगायची सोय नव्हती. आईला रॉनचं इंग्रजी कळत नसे, पण लेकीचं चांगलं कळायचं.

रॉननं हातातली लोकर बांधून पूर्ण केली. गोणीत दाबली.

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"नाही." आणि मग तिनं दाव्याचीही गोष्ट सांगितली.

 "हंबरत?" त्यानं विचारलं.

"हंबरत."

"कधी जायचीय ती परत?"

"पुढच्या शनिवारी. पण रॉन, मी आजच मार्टिनला..."

"मार्टिनच्या तोंडावर सगळं दिसतं. जेवायच्या टेबलावर तुझ्या आईसमोर दोन मिनिटं टिकायचा नाही तो. कुलूप काढलं की ती विचारणार, का काढलं." त्यानं पुढची लोकर टेबलावर झटकून पसरली. "राहू दे शनिवारपर्यंत. मी रस्त्यानं जातोय. पायांना बरं असतं ते."

ऋजुतानं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. एका म्हाताऱ्या माणसानं वेडा ठरण्याची तयारी दाखवली म्हणून आपण ती घ्यायची नसते. पण तिला एकदम हायसं वाटलं, इतकं की ती लोकरीच्या गोणीवर बसलीच. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. त्या दोन्हींपैकी काहीही बोलून न दाखवता तिनं रॉनसमोर लोकरीची दुसरी कड धरली.

निघायच्या दिवशी आईनं खोबऱ्याच्या वड्यांचा डबा रॉनच्या हातात दिला आणि शाळेतल्या स्वच्छ, संथ इंग्रजीत त्याला म्हणाली, "मी तुमची मनापासून आभारी आहे. तुमच्या चर्चचं झाड फार पवित्र आहे. त्याची पूजा केली म्हणून आता माझ्या जावयाची मला काळजी नाही."

रॉननं टोपी काढली आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले?" आईनं गाडीत बसताना विचारलं.

"म्हणाले, झाड चांगलंच आहे," ऋजुता म्हणाली. रॉन तेवढंच म्हणाला होता.

हीथ्रोहून परत येताना तिनं मार्टिनला सांगितलं. त्यानं मोटरवेवरच्या पुढच्या थांब्यावर गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. आईवर तो रागावला नाही. ऋजुतावर रागावला, आणि ते बरोबरच होतं.

"मी त्याला काय काय बोललो," तो म्हणाला. "जनावरांत जाऊ नको म्हणालो. आणि तुला माहीत होतं."

"हो."

घरी आल्यावर तो तडक वरच्या फाटकाशी गेला, साखळी सोडवली आणि कुलूप आणून रॉनसमोर टेबलावर ठेवलं. मग त्यानं बापासाठी चहा केला आणि दोन चमचे साखर घातली, जी डॉक्टरनं बंद केली होती. त्या घरात माफी अशीच मागत.

"बरं झालं," रॉन म्हणाला आणि चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ऋजुता खिडकीशी भांडी विसळत होती. रॉन टोपी घालून बाहेर पडला. वरच्या शेताकडे दोन पावलं गेला, थांबला, आणि वळून रस्त्याला लागला. ती ओल्या हातांनीच धावली आणि तिनं त्याला कोपऱ्यावर गाठलं.

"रॉन, कुलूप काढलंय. फाटक मोकळं आहे."

"पाहिलं मी."

"मग इकडून का?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. "तू सांगितलंस ते खरंच असणार, रिजू. फांदी होती, मुलीनं बघितली. पण त्या दिवशी मी फाटक लावलं होतं का, ते मला आठवत नाही. इतके दिवस मी रोज इथून चालत जाताना तेच आठवून बघतोय. आणि जितकं आठवून बघतो तितकं ते मला उघडंच दिसतं."

 आईच्या गळ्यातलं दावं ऋजुतानं चुकवलं होतं, पण ते कुठं गेलं हे आता तिच्यासमोर उभं होतं. आणि हे सांगूनही सुटणार नव्हतं, कारण सांगून तर झालं होतं.

"चला," ती म्हणाली. "मी येते. फाटक मी लावते."

दोघं वरच्या शेतातून चढून गेले. गायींनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. क्वीनीचं वासरू मात्र बाटलीच्या आशेनं त्यांच्यामागं थोडं चालत आलं. ऋजुतानं फाटक उघडलं, रॉनला आत जाऊ दिलं, स्वतः आत आली आणि कडी लावली.

"लागलं?" रॉननं विचारलं.

"लागलं."

तो झाडापर्यंत गेला, परत आला, कडी हातानं हलवून बघितली, आणि मगच जोनकडे गेला. ऋजुता भिंतीला टेकून उभी राहिली. खाली कोकरं ओरडत होती, दोरीवरचे कपडे काढायचे होते, तनूला शाळेतून आणायचं होतं. जोनला सांगण्यासारखं रॉनपाशी बरंच साठलेलं असावं. तो लवकर आला नाही.

त्यानंतरच्या दुपारी जेवण आटोपल्यावर रॉन टोपी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.  नुसता तिच्याकडे बघत राहिला. ऋजुतानं हातातलं भांडं सिंकमध्ये तसंच ठेवलं आणि गमबूट चढवले.